नामदेव माळी घरी गेल्यावर

भाषेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो. उर्दूत तो किरदारावर रोशनी टाका असा येतो, मराठीत अमुक व्यक्तिरेखा तुमच्या शब्दांत लिहा असा येतो. दोन्ही भाषांत मुलांचे उत्तर ठरलेले असते. तो गरीब पण प्रामाणिक होता. तो कष्टाळू होता. तो सर्वांशी प्रेमाने वागत असे. पात्र शेतकऱ्याचे असो, शिपायाचे असो की बादशहाचे असो, विशेषणे तीच. मार्कही मिळतात. दोष मुलांचा नाही. आम्ही शिक्षकच पाठ टाचणात 'पात्राचे गुण' असा रकाना आखतो आणि फळ्यावर एकाखाली एक विशेषणे लिहून देतो.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवता शिकवता मी मराठीत कथा लिहू लागले, तेव्हा हाच रोग मोठ्यांच्या लेखनातही दिसू लागला. कथा लिहायला बसलेला माणूस आधी विशेषणे ठरवतो. एक सुशिक्षित बेकार मुस्लिम तरुण. एक सोशिक तलाकपीडित स्त्री. एक कर्मठ मौलाना. विशेषणे जमली की त्यांना नाव द्यायचे, शेरवानी किंवा बुरखा घालायचा, तोंडी दोन वाक्ये हिंदीतली टाकायची, की पात्र तयार. असे पात्र कथेत चालते, बोलते, शेवटी रडते किंवा बंड करते. पण मासिक मिटले की आपण त्याला विसरतो. मग ज्यांना आपण विसरत नाही ती पात्रे कुठून येतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. ते माझ्याच शहरात, बीबी का मकबऱ्याच्या बागेत सापडले.

मौलवी अब्दुल हक, ज्यांना पुढे उर्दू जगाने 'बाबा-ए-उर्दू' म्हटले, ते निजामाच्या काळात शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि बरीच वर्षे औरंगाबादेत राहिले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार १९१२ नंतर त्यांच्याकडे आला आणि या संस्थेचे दफ्तर दिल्लीला जाईपर्यंत आमच्या शहरातच होते. 'उर्दू' नावाचे त्यांचे त्रैमासिक १९२१ मध्ये इथूनच सुरू झाले. वली आणि सिराज या कवींमुळे आमचे शहर उर्दूच्या इतिहासात आहेच. पण उर्दू गद्यातही त्याचे एक माणूस कायमचे राहून गेले आहे. तो कवी नव्हता, आलिम नव्हता. तो माळी होता आणि त्याचे नाव नामदेव होते.

अब्दुल हकांच्या 'चंद हमअसर' या पुस्तकात मोठमोठ्या माणसांचे खाके आहेत. खाका म्हणजे मराठीत ज्याला आपण व्यक्तिचित्र म्हणतो ते. त्याच पुस्तकात 'नामदेव माळी' हा खाका आहे. तो हिंदुस्तानात आणि पाकिस्तानातही उर्दूच्या पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे शिकवला गेला. लाहोर-कराचीच्या मुलांना औरंगाबादचा नामदेव माहीत आहे. आमच्या मराठी वाचकांना मात्र तो फारसा माहीत नाही. म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

मकबऱ्याच्या बागेची देखरेख मौलवीसाहेबांकडे होती आणि त्यांचे राहणेही त्याच आवारात होते. घरासमोर फुलबाग करायचे काम त्यांनी नामदेववर सोपवले. नामदेव दलित जातीचा. त्या काळी त्याच्या जातीला लोक किती खालची मानत, हे मौलवीसाहेब पहिल्याच ओळींत सांगून टाकतात. लिहिण्याच्या टेबलासमोर मोठी खिडकी होती. लिहिता लिहिता मान वर केली की नामदेव दिसे. तो एखाद्या रोपासमोर बसून त्याचे आळे साफ करतो, हौदातून पाणी आणून सावकाश घालतो, माती नीट करतो, रोपाला चारी बाजूंनी वळून वळून बघतो. मग उलट्या पावलांनी मागे सरकतो, लांबून बघतो आणि स्वतःशीच हसतो. त्याला मूल नव्हते, झाडांनाच तो मुले मानी. रोपाला कीड लागली की त्याचा जीव कासावीस होई. बागेत राहून त्याला जडीबुटीचीही ओळख झाली होती. लोक आजारी लेकरे घेऊन येत, तो औषध देई आणि पैसा घेत नसे.

एका वर्षी पाऊस कमी झाला. विहिरी-बारवा आटल्या. बाग वाळू लागली, पण नामदेवचे चमन हिरवे राहिले. तो लांबून डोक्यावर एकेक घडा आणी, रात्रीसुद्धा आणी. पाणी कसले, अर्धा चिखलच असे. मौलवीसाहेबांनी बक्षीस देऊ केले तर ते त्याने घेतले नाही. आपल्या मुलांना वाढवल्याबद्दल कोणी इनाम घेते का, अशी त्याची समजूत. पुढे त्याला शाही बागेत नेले गेले. तिथे एके दिवशी मधमाश्यांचा हल्ला झाला. बाकीचे माळी पळून लपले. नामदेव कामात इतका गढलेला होता की त्याला कळलेच नाही. माश्यांनी त्याला इतके डसले की त्यातच तो गेला.

हा खाका मी दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचते. घडे वाहण्याचा भाग आला की वर्ग गप्प होतो. पाण्यासाठी रात्री जागणे म्हणजे काय, हे आमच्या शहरातल्या मुलींना समजावून सांगावे लागत नाही. माझ्या लक्षात आले की नामदेव आपल्या मनात राहतो तो विशेषणांमुळे नाही. उलट्या पावलांनी मागे सरकण्यामुळे तो राहतो. कष्टाळू माळी लाखो असतील. रोप लावून झाल्यावर चित्रकारासारखे मागे सरकून बघणारा हा एकच. एका माणसाच्या हातापायांची एक सवय नीट पाहिली गेली आणि शंभर वर्षांनंतरही तो आपल्यासमोर उभा आहे. मकबऱ्याच्या दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या दोन कारागिरांची नावे कोरलेली आहेत. बागेला पाणी घालणाऱ्याचे नाव कोरण्याची रीत नव्हती. ते काम मौलवीसाहेबांच्या लेखणीने केले.

पण एक गोष्ट मला सलत असे. खाक्यात नामदेव बागेतच आहे. तो कुठे राहतो, जेवतो काय, घरी कोण आहे, बायको त्याच्याशी काय बोलते, यातले जवळजवळ काहीच नाही. खिडकीतून जेवढे दिसले तेवढेच आहे. मौलवीसाहेबांनी न पाहिलेले लिहिले नाही, आणि खाका लिहिणाऱ्याने तसेच वागावे. कथेचे काम मात्र नेमके तिथून सुरू होते. म्हणून मी नववीच्या मुलांना सांगितले, प्रश्नोत्तरे राहू द्या, नामदेव घरी गेल्यावर काय करतो ते लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. निम्म्यांनी विशेषणेच लिहिली होती. पण काही वह्यांनी मला थांबवले. एका मुलाने लिहिले होते की नामदेवला रात्री झोप येत नाही, कारण घड्याच्या दोरीने हात सोलून निघाले आहेत. तो तळहाताला गोडे तेल लावतो आणि हात पांघरुणाच्या बाहेर ठेवून झोपतो. त्या मुलाचे वडील मिस्त्री आहेत, बांधकामावर जातात. एका मुलीने नामदेवच्या बायकोला बोलते केले होते. नामदेव थकून घरी येतो आणि पाणी मागतो. बायको रिकामे मडके पालथे करून दाखवते आणि म्हणते, "बाग कू बीस घडे, मेरे मटके कू एक भी नै?" आणि मागच्या बाकावरच्या एकाने, जो कधी गृहपाठ करून आणत नाही, चारच ओळी लिहिल्या होत्या. त्याचा नामदेव बायकोला सांगतो की साहेब खिडकीतून नुसते बघत बसतात, कधी एक घडा उचलू लागत नाहीत.

मी त्या मुलीला विचारले, हे मडके पालथे करणे कुठून आणलेस? ती म्हणाली, "घर से, टीचर." तिची अम्मी तसे करते, तिच्या अब्बांसमोर. मुलीने नामदेवचे नाव घेतले, दुष्काळ मौलवीसाहेबांकडून घेतला, मडके घरून घेतले, आणि तिच्या वहीत एक बाई उभी राहिली जी पुस्तकात नाही आणि तिच्या घरातही नाही. तिची अम्मी माळ्याची बायको नाही, आणि माळ्याच्या बायकोबद्दल तर मौलवीसाहेब काहीच सांगत नाहीत. ही तिसरीच कोणीतरी आहे. पात्र असे तयार होते. आकाशातून पडत नाही आणि एकाच माणसाची नक्कलही नसते. एकाची सवय, दुसऱ्याची परिस्थिती, तिसऱ्याची बोली एका जागी येतात आणि त्यांतून चौथा माणूस उठून उभा राहतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाच्या चार ओळींनी मात्र मला आणखी पुढे नेले. खिडकीच्या आतला माणूस लिहितो आणि बाहेरचा लिहिला जातो. मौलवीसाहेबांनी नामदेववर मनापासून प्रेम केले. खाक्याच्या शेवटी त्यांनी मोठेपण जातीत किंवा इबादतीच्या आकड्यात नसते, असा विचार मांडला तो खरोखर मोठा आहे. तरीही खिडकी ती खिडकीच. मकबऱ्यापासून जवळच असलेल्या नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तिथे शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसांनी पुढे खिडकीबाहेरून स्वतः लिहायला घेतले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच शहरातून निघाले. नामदेवच्या नातवंडांनी, असे म्हणू या, स्वतःची गोष्ट स्वतः सांगितली, आणि मराठी साहित्यात अशी माणसे आली ज्यांना आधी कोणी आत घेतले नव्हते.

१९९० मध्ये सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यामागेही हीच भूक होती. मराठीत मुसलमान नव्हता असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ मधल्या 'माणदेशी माणसं' या पुस्तकात मुलाण्याचा बकस आहे, तांबोळ्याची खाला आहे. ती गावातल्या इतर माणसांच्या रांगेत, त्यांच्याच मापाची माणसे म्हणून बसली आहेत. हमीद दलवाई यांच्या 'इंधन' या १९६५ च्या कादंबरीत कोकणातल्या मुसलमानांचे हेवेदावे, वासना, राग आहेत. दलवाईंच्या समाजकारणाशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद होते आणि आहेत, पण ती माणसे कागदी नाहीत हे कबूल करावे लागते. एरवी मात्र बहुतेक कथा-कादंबऱ्यांत, नाटक-सिनेमात आपण कोण असतो? अत्तरवाला, टांगेवाला, पठाण, खाटीक, नाही तर शिवकालीन सरदार. आणि अलीकडे दोनच प्रकार: एक तर संशयित, नाही तर संशय खोटा ठरवण्यासाठी जीव देणारा देशभक्त.

दुसऱ्यांनी केलेल्या साच्यांवर आपण पुष्कळ बोललो आहोत. आपल्या साच्यांवर कमी बोलतो. आपण स्वतः लिहितो तेव्हा पात्राच्या डोक्यावर साऱ्या कौमेचे ओझे देतो. त्याने दारू पिऊ नये, कारण लोक काय म्हणतील. तिने सासूशी भांडू नये, कारण आपल्या समाजाची बदनामी होईल. नाही तर उलट टोक गाठतो. सुधारणेचा मुद्दा सिद्ध व्हावा म्हणून नवरा राक्षसच असला पाहिजे. उर्दूला ही सवय जुनी आहे. डिप्टी नजीर अहमदांनी १८६९ मध्ये 'मिरातुल उरूस' लिहिले. त्यात शहाणी बहीण असगरी आणि वेडगळ बहीण अकबरी. मुलींना वळण लागावे म्हणून असगरी घडवली गेली. पण माझ्या वर्गाचा अनुभव असा की मुलींना लक्षात राहते ती अकबरी! ती हट्ट करते, फसते, रुसते. असगरी कधीच चुकत नाही, म्हणून ती बिचारी उत्तरपत्रिकेतच राहते.

पात्राला प्रतिनिधी केले की माणूस मरतो, हे पटले तरी पुढची अडचण उरतेच. खरी माणसे बघायची, त्यांच्या सवयी घ्यायच्या, हे म्हणायला ठीक. पण आमच्या मोहल्ल्यांत घराला घर लागून आहे. कोणाच्या डब्यात काय आहे ते तीन घरांना माहीत असते. मी कथा लिहिते हे कळल्यावर एका शेजारणीने मला दारातच सांगितले, "हमारी बातां किताब में नको डालो, टीचर." तिचे चूक नव्हते. शहरात मोठे लेखक असतात, त्यांची पात्रे गर्दीत हरवून जातात. गल्लीतले पात्र हरवत नाही. ते संध्याकाळी दूध आणायला जाते आणि दुकानावर चारजण त्याच्याकडे बघतात.

उर्दूत याचे उलटे उदाहरणही आहे. फरहतुल्ला बेग यांनी आपले उस्ताद नजीर अहमद यांचा खाका लिहिला, त्यात त्यांची चिक्कूगिरी, खाणेपिणे, शिकवण्याची तऱ्हा सगळे आले. तो वाचून मौलवी वहीदुद्दीन सलीम यांना वाटले की आपल्यावरही मरणानंतर कोणी असे लिहावे, आणि त्यांनी ते बेग यांना बोलून दाखवले. ते गेल्यावर बेग यांनी लिहिले आणि त्या खाक्याला वसियतीची तामील असेच नाव दिले. विद्वान माणूस होता, त्याला लिहिले जाण्याची भीती वाटत नव्हती. ज्यांच्याकडे गमावण्यासारखे फक्त नाव आहे, त्यांना ती वाटते.

आमच्या गल्लीत एक नानी आहेत. ऐंशी ओलांडलेल्या. त्यांची एक गोष्ट मी लहानपणापासून बघत आले. घरात कोणी असताना बाहेरून कुंडी लावलेली त्यांना चालत नाही. पोरे खेळता खेळता दाराला कुंडी लावून पळाली की नानी आतून जो कालवा करत, तो ऐकून गल्ली हसे. पोरे मुद्दाम लावत. कोणाला कारण माहीत नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. म्हाताऱ्या माणसाची खोड म्हणून सोडून दिले.

२०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यांत घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, जुनी रेशन कार्डे, निजामाच्या वेळचे पिवळे कागद. नानींचा नातू त्यांच्यासाठी एक कागद भरून घ्यायला माझ्याकडे आला, नानीही सोबत आल्या. जन्मगाव विचारले. आजवर त्या नेहमी 'औरंगाबाद' सांगत. त्या दिवशी बराच वेळ गप्प बसल्या आणि मग एका खेड्याचे नाव घेतले, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले. नातवाने ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

सप्टेंबर १९४८. १३ तारखेला हिंदुस्तानी फौजा हैदराबाद संस्थानात आल्या, १७ ला निजामाने शरणागती दिली. दरवर्षी १७ सप्टेंबरला आम्ही शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन करतो, मुलांना स्वामी रामानंद तीर्थांबद्दल, रझाकारांच्या जुलमांबद्दल सांगतो. मी शोएबुल्ला खान यांच्याबद्दलही सांगते. हा तरुण मुसलमान संपादक संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहीत होता, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला ठार मारले गेले. हे सारे खरे आहे. आणि शरणागतीनंतर खेड्यापाड्यांत निरपराध मुसलमानांवर जे गुदरले तेही खरे आहे. त्याची पाहणी करायला पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचे पथक सरकारने पाठवले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागल्याचे त्यांनी नोंदवले. मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

हे काझी अब्दुल गफ्फार म्हणजेच 'लैला के खुतूत' लिहिणारे कादंबरीकार. कोठ्यावरच्या एका काल्पनिक बाईची पत्रे त्यांनी अशी लिहिली की लैला उर्दूत घराघरात पोचली. एकाच माणसाच्या हातून एक आकडा आला आणि एक पात्र आले. लैला लोकांच्या ओठांवर राहिली, आकडा दफ्तरात राहिला. यात त्यांचा दोष नाही. आकड्याला चेहरा नसतो. तो चेहरा कोणीतरी नंतर द्यावा लागतो, आणि ते काम कथा लिहिणाऱ्यांचे आहे.

नानींनी त्या दिवशी फार काही सांगितले नाही. त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. रात्री अब्बांनी आईला आणि तिला घरात ठेवले, दिवा विझवला, आणि घर रिकामे दिसावे म्हणून बाहेर जाऊन कुंडी लावली. कुंडी लागल्याचा आवाज, आणि मग त्यांच्या पावलांचा. ते परत आले नाहीत. मायलेकी अंधारात बसून राहिल्या. सकाळी ती कुंडी शेजारच्या पाटलीणबाईंनी काढली, दोघींना आपल्या घरी नेले आणि आठ दिवस ठेवून घेतले. बस, एवढेच. मग त्या मला म्हणाल्या, "लिखती ना तू? नाम नको डाल, गाव नको डाल. कुंडी डाल."

मी खूप दिवस त्या वाक्यावर विचार केला. नाव-गाव घातले तर तो खाका झाला असता, आणि नानींना तो नको होता. त्यांची भीती पंचाहत्तर वर्षांची आहे, ती मी दूर करू शकत नाही. पण न लिहिणे म्हणजे ती कुंडी त्यांच्यासोबत कबरीत जाऊ देणे. मधला रस्ता एकच होता: असे माणूस निर्माण करायचे जे नानी नाही, आणि त्याच्या हाती ती कुंडी द्यायची. काल्पनिक पात्र ही माझ्या दृष्टीने गंमत नाही, सजावटही नाही. ज्यांना नाव सांगता येत नाही त्यांची अमानत ठेवायची ती जागा आहे.

मग मी शोधू लागले. शहागंजच्या बाजूने एक बांगड्यावाली बाई फिरते. ती बांगडी भरताना समोरच्या बाईचा हात दोन्ही हातांत घेऊन हळूहळू दाबत हाडे नरम करते आणि तेवढ्यात त्या घराची सारी खबर काढून घेते. हे हात मी घेतले. जीभ घेतली माझ्या आईच्या फुप्पीची. ती सरळ कधी बोललीच नाही, दुवाही टोमण्यातून देई. गाव सीना नदीच्या काठी कुठेतरी ठेवले, नकाशावर नसलेले. नाव दिले हलीमाबी. नानी शांत आहेत, हलीमाबी भांडखोर आहे. नानींना भरले घर आहे, हलीमाबी एकटी नातवासोबत राहते. नानींपासून मी तिला जितकी लांब नेत गेले, तितकी कुंडी जड होत गेली.

तरीही बरेच दिवस ती मी चालवेन तशीच चालत होती. एका रात्री कागद भरण्याचा प्रसंग लिहीत होते. नातू जन्मगाव विचारतो. हलीमाबी नाव सांगते. तो पेनने लिहायला जातो, तर ती त्याचा हात धरते, बांगडी भरताना धरावा तसा, आणि म्हणते, "लिख, पर पेन्सिल से." हे वाक्य नानींचे नाही, बांगड्यावालीचे नाही, फुप्पीचेही नाही. माझ्याही मनात ते आधी नव्हते. गाव सांगायचेही आहे आणि पुसता येण्याची सोयही ठेवायची आहे. तिथे मला वाटले की आता ही बाई माझ्या हातातून सुटली, आता ती स्वतःची आहे. एखादे पात्र अस्सल झाले की नाही याची माझ्यापुरती हीच खूण आहे. ज्यांच्यापासून ते घेतले, त्यांच्यापैकी कोणीही जे केले नसते, ते त्याने केले पाहिजे, आणि ते बघून आपल्याला वाटले पाहिजे की याने दुसरे काही केलेच नसते.

आपल्यातल्या नव्या लिहिणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, मला एवढेच सांगायचे आहे. प्रेरणा शोधायला लांब जाऊ नका. पुरुष लेखक ज्या आंगणांत कधी पोचले नाहीत ती आंगणे आपली आहेत. हिमरू विणणाऱ्यांच्या घरातली बाई, शिलाई मशीनवर रात्र काढणारी, दावतीच्या नान-खलियाची देग उतरवताना हात भाजलेला बावर्ची, कोणाकडेही बघा. पण तो कसा आहे हे लिहून ठेवू नका, तो काय करतो ते लिहून ठेवा. कारण लगेच विचारू नका. कुंडीचे कारण मला तीस वर्षांनी कळले. आणि ज्याच्याकडून घेतले त्याला ओळखू येणार नाही असे द्या, पण जे त्याचे खरे आहे ते हरवू देऊ नका.

कथा पुरी झाल्यावर मी ती नानींना वाचून दाखवली. मराठी त्यांना समजते, पण मी आपल्या बोलीत सांगत गेले. हलीमाबी भांडते तिथे त्या हसल्या. मध्येच म्हणाल्या, "ये कौन औरत है? मैं नै जानती इसकू." मी काही बोलले नाही. कुंडीचा भाग आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकले. शेवट झाल्यावरही बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "औरत कोई और है. पर कुंडी बराबर है."